बारा सिलिंडरवाले सर

जालन्याच्या आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेणारे जे सर होते, त्यांना स्वतःला गाडी चालवता येत होती की नाही, हे त्यांच्या शेजारच्या खोलीत पंधरा वर्षं नोकरी करूनही मला कळलं नाही. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज जालन्यापासून परतूरपर्यंत ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्त करतात. सर मात्र सायकलवर यायचे, आणि तीही पुष्कळदा हातात धरून चालत आणायचे.

याबद्दल संस्थेत दोन कथा होत्या. पहिली अशी, की नोकरीआधी ते हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवत आणि एक दिवस किल्ली मालकाच्या हातात देऊन घरी आले ते कायमचे. दुसरी अशी, की त्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दोन्ही कथा सांगणारी माणसं त्यांच्याच गावाकडची होती. मी एकदा सरळ सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "चालणं हे गाडीचं काम हाय. आपण कशाला मधी पडायचं?" मी मान हलवली. काय कळलं म्हणून हलवली, ते माहीत नाही.

मी तिथे ड्रॉइंग शिकवायला लागलो तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाला होता. मी बदनापूरहून रेल्वेने येत-जात असे. वडील तिथल्या कृषी संशोधन केंद्रावर रोजंदारीने कामाला होते आणि आमच्या विहाराच्या गल्लीतून पगाराच्या नोकरीला लागलेला मी दुसरा. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, आणि मग जो तो आपापल्या चहाकडे वळला. कोपऱ्यात खाकी कोट घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस उभा होता. त्या कोटाला जिथे खिसे असतात तिथे होतेच, पण जिथे नसतात तिथेही होते. त्यांची बायको शिवणकाम करायची, तिने ते मागणीप्रमाणे शिवून दिले होते. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "ड्रॉइंग सर, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?"

मी म्हणालो, थोडं थोडं येतं.

"मला बिलकुल न्हाई. मंग थोडं म्हणजे लई झालं."

त्यांनी आतल्या खिशातून घडी घातलेलं एक मासिक काढलं. त्यांचा चुलतभाऊ आखातात कामाला होता. तो सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन आला, त्याभोवती हे गुंडाळलेलं होतं. बरीच पानं फाटली होती. मधल्या पानावर एका गाडीचं चित्र होतं. गाडी इटलीची होती, जमिनीला चिकटून बसलेली, माणसाच्या कमरेएवढी, आणि तिचं इंजिन पुढे नव्हतं. ते माणसांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या अलीकडे होतं. बारा सिलिंडरचं.

सर अभ्यासक्रम शिकवायचे, नाही असं नाही. पण कुठूनही सुरुवात केली तरी ते अर्ध्या तासात त्या गाडीपाशी येऊन पोचत. इंजिन मधे का ठेवलं, हे त्यांनी पोरांना बैलगाडीवरून सांगितलं. ओझं मागे झालं की गाडी उलाळ होऊन जू वर उचललं जातं, पुढे झालं की बैलांच्या मानेवर येते. ते बरोबर मधे पाहिजे. शेतकऱ्यांच्या पोरांना हे एका वाक्यात कळायचं. मला मात्र चित्र काढून बघावं लागलं.

मला आठवतं, एकदा त्यांनी वर्गातली जुनी जीप मैदानात काढली. इंजिन बंद. आठ पोरांना ती ढकलायला लावली आणि चालण्याच्या वेगाला यायला किती वेळ लागला, ते घड्याळावर बघितलं. मग फळ्यावर हिशेब मांडला, की इटलीची गाडी उभ्या जागेवरून शंभराच्या वेगाला साडेचार सेकंदांत जाते म्हणतात, तर तेवढ्या वेळात तेवढं काम करायला किती पोरं लागतील. उत्तर सहाशेच्या आसपास आलं. सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या. "एवढी पोरं आपल्या संस्थेत न्हाईत," ते म्हणाले. "आणि असली तरी गाडीला हात टेकवायला जागा कुठंय? म्हणून बारा सिलिंडर लागतात." पोरं हसली. सर हसले नव्हते. ते खरोखरच जागेचा विचार करत होते.

आमचं वाचन संस्था सुटल्यावर, माझ्या रेल्वेची वेळ होईपर्यंत चालायचं. माझ्याजवळ शाळेतली एक डिक्शनरी होती, पण त्या मासिकातले निम्मे शब्द तिच्यात नव्हते आणि जे होते त्यांचे अर्थ गाडीला लागू होत नव्हते. 'ड्राय संप' या दोन शब्दांनी तर आम्हाला चार दिवस छळलं. संप म्हणजे हौद, ड्राय म्हणजे कोरडा. मी "कोरडा हौद" असं भाषांतर केलं. सरांना ते पटेना. इंजिनाच्या तळाला तेलाचा हौद असतो, आणि तो कोरडा पडला की इंजिन जळतं, हे ते पोरांना पहिल्या महिन्यात शिकवायचे. मग हे इटलीवाले कोरड्या हौदाची जाहिरात का करताहेत? पाचव्या दिवशी सकाळी ते माझ्या वर्गाच्या दारात उभे. हातात घरची परात.

हेडक्लार्कची स्कूटर मागून आणली. चालवायला मी, मागे सर, त्यांच्या मांडीवर परात, परातीत पाणी. मला मैदानात गोल फिरायला सांगितलं. आधी हळू, मग जोरात. दोन्ही वर्गांची पोरं व्हरांड्यात उभी होती आणि प्राचार्य खिडकीत. तिसऱ्या फेरीला मी स्कूटर जोरात वळवली आणि सगळं पाणी परातीच्या बाहेरच्या काठाला चढून माझ्या पाठीवरून खाली आलं. सर ओरडले नाहीत, पण माझा खांदा त्यांनी असा घट्ट धरला, की मला वाटलं ते पडताहेत.

"तेल एका बाजूला पळतं," ते कानाशी म्हणाले. "पंपाला तेल सापडत न्हाई, तो हवा ओढतो. म्हणून त्यांनी हौद खाली ठिवलाच न्हाई. तेल दुसरीकडं, टाकीत नेऊन ठिवलं. हौद कोरडा म्हणजे मोकळा. उपाशी न्हाई."

त्या दिवशी मी ओल्या कपड्यांनी चार तास वर्ग घेतले. मला अजून कळत नाही, की मला त्याचं वाईट का वाटलं नाही.

अर्थात तक्रारी झाल्या. भोकरदनकडचे एक पालक प्राचार्यांना भेटले. मुलाला ट्रॅक्टर दुरुस्त करता आला पाहिजे, इटलीची गाडी त्यांच्या रानात येणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. प्राचार्यांनी सरांना लेखी खुलासा मागितला, की अभ्यासक्रमात नसलेल्या वाहनाबद्दल आपण काय शिकवता. सरांनी एका ओळीत उत्तर दिलं: अभ्यासक्रमात हवा आहे, मी हवाच शिकवतो. प्राचार्यांनी ते माझ्याकडे पाठवलं, अर्थ लागला तर सांगा म्हणून. त्या वर्षी सरांच्या वर्गाचा निकाल घसरला. पुढच्या वर्षी तो विभागात वर आला. दोन्ही वर्षी त्यांनी तेच आणि तसंच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांना रागवावं की शाबासकी द्यावी हे कोणालाच ठरवता आलं नाही.

हवेचं मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. वेग दुप्पट करायचा तर हवा फाडायला आठपट ताकद लागते, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं आणि त्यांची झोप उडाली. ते सायकलवर वाऱ्याच्या उलट जाऊन बघायचे, मग वाऱ्याच्या बाजूने, आणि आकडे खिशातल्या वहीत लिहायचे. मासिकात गाडीची ताकद दिली होती, उंची दिली होती, आणि वेग ताशी तीनशेच्या जवळ जातो असं लिहिलं होतं. रुंदीचा तक्ता ज्या पानावर होता, ते अर्धं फाटलेलं. सरांनी मग चित्रावर पट्टी लावली. उंचीच्या प्रमाणात रुंदी काढली, त्यावरून हवेला आडवी येणारी बाजू किती चौरस फूट ते काढलं, आणि महिनाभर गुणाकार-भागाकार केले. गणित माझ्याकडून तपासून घेतलं. मी दोनदा तपासलं. आकडेमोडीत कुठेही चूक नव्हती. गाडी दोनशे चाळीसच्या पुढे जात नव्हती.

"म्हणजे ते खोटं बोलून राह्यले," सर म्हणाले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. घरातलं कोणी खोटं बोलल्यावर होतो तसा झाला होता. "किंवा मंग त्यांना माहीतच न्हाई."

त्यांना कळवलं पाहिजे, असं ठरलं. पत्राला आम्हाला तीन संध्याकाळ लागल्या. मजकूर सरांचा, इंग्रजी माझं. आपली गाडी सुंदर आहे, आम्ही ती पाहिलेली नाही, परंतु आपण सांगता तो वेग तिला झेपणार नाही. सोबत हिशेब जोडला आहे. चूक कोणाची हे कृपया कळवावे. सरांनी खाली मराठीत सही केली. त्यांच्या आग्रहावरून मी तिच्याखाली 'गणित तपासले' असं लिहून माझीही सही केली. गाडीच्या पानाच्या तळाला कारखान्याचा पत्ता होता. पत्र रजिस्टर करून टाकलं. आयुष्यात परदेशी गेलेली माझी पहिली सही.

त्यानंतर आठ दिवसांनी मी पहिल्या वर्षाच्या पोरांना फळ्यावर काडेपेटी काढून दाखवत होतो. समोरून काढली तर एकच बाजू दिसते, तिरकी काढली तर दोन दिसतात आणि चित्राची रुंदी वाढते, पण पेटी तेवढीच राहते. हे वाक्य मी त्या वर्षी चौथ्यांदा बोलत होतो. बोलता बोलता खडू थांबला. मासिकातली गाडी तिरकी उभी होती. समोरचा भाग दिसत होता आणि डावी बाजूही दिसत होती. सरांनी दोन्ही मिळून रुंदी धरली होती, आणि ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाने खाली सही केली होती.

पोरांना वाटलं मला भोवळ आली. मी खुर्चीत बसलो. शेजारच्या खोलीतून सरांचा आवाज येत होता, ते पोरांना सांगत होते की इटलीहून उत्तर यायला महिना लागेल.

मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सांगणार होतो, पण ते मुख्य टपाल कार्यालयात पोचपावतीची चौकशी करायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, तर ते स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच सगळ्यांच्या मधे बसून पत्राबद्दल बोलत होते आणि लोक ऐकत होते. पुढे मग सांगायचं राहिलं, आणि राहिल्याला इतके दिवस झाले की सांगण्यापेक्षा न सांगितल्याचाच गुन्हा मोठा झाला. माझी लाज मोठी होती की त्यांची काळजी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं होतं. 

संशय येऊ नये म्हणून मी रोज विचारायचो, "सर, उत्तर आलं का?" सर म्हणायचे, "बघतो," आणि खरंच उठून टपाल आणणाऱ्या शिपायाला विचारायला जायचे. एक महिना गेला, वर्ष गेलं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. तरी अधूनमधून मी विचारायचो आणि ते उठायचे. मग ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात ते दोनच मिनिटं बोलले आणि ती दोन्ही मिनिटं ब्रेकबद्दल बोलले. एवढ्या वेगाची गाडी करणाऱ्यांनी अर्धी अक्कल तिला थांबवण्यावर खर्च केलेली असते, तिकडे कोणी बघत नाही, असं काहीतरी. शाल-नारळ घेऊन ते सायकल हातात धरून निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. तिथेही सांगता आलं असतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, कापसाच्या हंगामात, मी संस्थेतून स्टेशनकडे निघालो होतो. नवीन जालन्यात एका बियाणांच्या व्यापाऱ्याच्या गोदामासमोर ही गर्दी. ऑटो अडकलेले, मोटारसायकलींवर लोक उभे राहून बघताहेत. मधे ती होती. अगदी तीच नव्हे, वीस वर्षांनी नवी, पण त्याच कारखान्याची, तशीच जमिनीला चिकटलेली आणि माणसाच्या कमरेएवढी. रंग पिवळा. व्यापाऱ्याचे जावई मुंबईचे. मेहुण्याच्या लग्नाला ती घेऊन आले होते. गावाच्या तोंडाशी येईपर्यंत इंजिन एवढं तापलं, की गाडीने आपोआप आपली ताकद काढून घेतली, आणि कशीबशी इथपर्यंत येऊन ती बंद पडली. जावई फोनवर होते. कंपनीच्या मुंबईतल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की हात लावू नका, परवा ट्रक येईल, त्यावर चढवून परत न्यायची. परवा लग्न होतं.

सरांचा एक जुना विद्यार्थी तिथे होता. स्टेशनजवळ त्याचं गॅरेज. त्याने सरांना आणायला ऑटो पाठवला होता. ऑटो रिकामा परत आला. सर म्हणाले होते, येतो सायकलवर.

ते आले तेव्हा घामाने भिजले होते. सायकल भिंतीला लावली, गर्दीतून वाट काढून पुढे आले आणि उभे राहिले.  ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, हात पाठीमागे बांधून, जसे ते संस्थेतल्या जीपभोवती मारायचे. मग पुढच्या बाजूला आले, वाकले, आणि वीत टाकून रुंदी मोजायला लागले. गाडीला न लावता, दोन बोटं वरून. एक, दोन, तीन. मी एका ऑटोच्या मागे सरकलो. त्यांनी शेवटची वीत टाकली, सरळ झाले आणि गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ते दुसरीकडे वळले.

जावयांनी मागचं झाकण उघडलं होतं. सगळी गर्दी इंजिनाकडे बघत होती. सर तिकडे फिरकलेच नाहीत. दाराच्या मागे, गाडीच्या कुशीला हवा आत घ्यायची मोठी खाच होती, तिथे ते खाली बसले.

"काका, हात नका लावू," जावई म्हणाले. "कंपनीचा माणूस येतोय."

"न्हाई लावत. पाहू का नुसतं?" त्यांनी खिशातून बॅटरी काढली, दुसऱ्या खिशातून दात बघायचा असतो तसला छोटा आरसा. बराच वेळ आत बघितलं. मग बसूनच विचारलं, "औरंगाबादहून येताना कापसाच्या गाड्या लागल्या का रस्त्यात?"

जावई म्हणाले, लागल्या म्हणजे काय, बदनापूरपासून पुढे-मागे त्याच होत्या, एकामागोमाग एक, ओव्हरटेक करू देईनात.

"मंग बराबर हाय. ही आजारी न्हाई. हिचा श्वास कोंडलाय."

इंजिन मागे असल्यामुळे त्याला थंड करणारे रेडिएटरही मागे, दोन्ही कुशीत. गाडी जोरात हवा ओढते. पुढच्या ट्रकांवरून उडणारा कापूस तिने तासभर ओढला होता आणि दोन्ही जाळ्यांवर त्याची गादी बसली होती. सरांनी हे समजावून सांगितलं, आणि पंक्चरवाल्याकडची हवेची नळी मागितली. जावयांनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे सरांना ओळखत नव्हते. गॅरेजवाला सरांच्या कानाशी लागला, "सर, जाळी वाकली-बिकली तं आपल्याला इथून उठू देणार न्हाईत." सरांनी मान हलवली आणि जावयांना म्हणाले, "तुमी स्वतः धरा नळी. मी सांगतो कुठं धरायची. हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर कापूस आत जाऊन बसंल."

आधी तासभर गाडी थंड होऊ दिली. मग इंजिनाच्या बाजूने, जावयांनी नळी धरली आणि सरांनी त्यांचं मनगट. पहिल्यांदा नुसती धूळ आली. मग खाचेतून पांढरं काहीतरी हललं. सरांनी चिमटीने ते हळूहळू ओढून काढलं, आणि ते निघतच राहिलं. दोन्ही बाजूंचा मिळून एका उशीचा कापूस निघाला. गर्दीत कोणीतरी म्हणालं की आता जिनिंगला घाला. सरांनी बॅटरी लावून जाळीची प्रत्येक रेघ तपासली, आणि म्हणाले, करा चालू.

तो आवाज मी कसा सांगू? आधी नुसता खाकरल्यासारखा, आणि मग एकदम गोदामाचं शटर थरथरायला लागलं. लोक मागे सरकले. सर जिथे होते तिथेच बसून राहिले, डोळे मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून. पंधरा मिनिटं तापमानाचा काटा मधेच उभा राहिला, वर गेला नाही. मग ते उठले आणि कपडे झटकायला लागले.

जावयांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, काका, बसा, तुम्हाला फिरवून आणतो. चालवायची असेल तर चालवा, मी बाजूला बसतो. सगळी गर्दी सरांकडे बघत होती. मीही बघत होतो. वीस वर्षांचा प्रश्न आता सुटणार होता.

"मला नको," सर म्हणाले. "ह्या ड्रॉइंग सरांना न्या."

मी नको नको म्हणत होतो, पण कोणीतरी मला आत बसवलं. बसवलं म्हणजे जवळपास आडवंच केलं. काचेतून सर दिसत होते, त्यांनी मला हाताने 'जा' अशी खूण केली. अंबडच्या रस्त्याला गावाबाहेर एक सरळ पट्टा आहे. तिथे जावयांनी गाडी थांबवली, पुढे-मागे कोणी नाही हे बघितलं आणि मला म्हणाले, डोकं मागे टेकवा. मग जे झालं ते झालं. परत आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नीट पडत नव्हते. सर नव्हते. भिंतीला लावलेली सायकलही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी मी जालन्याला आलो. कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात सरांचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत वहिनी मशीनवर ब्लाउज शिवत होत्या, सर स्टुलावर बसून बटणं निवडत होते. मी चप्पल काढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. म्हटलं, सर, त्या पत्रात चूक होती. फोटो तिरका होता. पत्र टाकल्यावर आठ दिवसांत मला कळलं होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही.

सरांनी एक बटण उजेडात धरून बघितलं. "मला चार महिने लागले," ते म्हणाले. "मला तं कळलंच नसतं. हिनं सांगितलं."

वहिनींनी मशीन न थांबवता सांगितलं, "भिंतीला लावलेलं ते चित्र पुसताना पाह्यलं मी. म्हणलं, बाई तिरपी उभी राह्यली तर तिचं माप घेता येतं का? सरळ उभं करावं लागतं."

 मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"तुमची सही होती ना खाली," सर म्हणाले. "ड्रॉइंगचे सर तुमी. एवढी मेहनत करून इंग्रजीत लिव्हलं. म्हणलं, यांना वाईट वाटंल."

"पण तुम्ही टपालाची चौकशी करत होता. रोज."

"तुमी रोज इचारून राह्यले होते. मी उठलो नसतो तर तुमच्या ध्यानात आलं नसतं का?"

मी खाली बसलो. एवढी वर्षं कोण कोणाला सांभाळत होतं, हे मी मनातल्या मनात मांडून बघत होतो आणि दर वेळी उत्तर निराळं येत होतं. शेवटी मी विचारलं, काल गाडीत का नाही बसलात? एवढी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं होतं.

"यांना एसटीत बसलं तरी ओकारी येती," वहिनी म्हणाल्या. "लग्नात वरातीच्या जीपमधून उतरून पायी आलते."

"ते एक हाय," सर म्हणाले. दुसरं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. बटणांचा डबा बंद करून त्यांनी बाजूला ठेवला, खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक बघितलं. "ते राहू द्या. आता बराबर सांगा. उभ्या जागेवरून शंभरपर्यंत. पहिल्या सेकंदापासून. आधी मान मागं गेली की पाठ?"

मी म्हणालो, मान. मग पाठ. मग पोट, पोट सगळ्यात शेवटी आलं. त्यांनी लिहून घेतलं. झटका एकदम आला का चढत आला? गियर बदलताना ओढ सुटली का? मी आठवून आठवून सांगत होतो. चहा झाला. अजून पहिला सेकंद संपला नव्हता.

"आता दुसरा," सर म्हणाले. "समोरचा रस्ता कसा दिसला? झाडं कुठं गेली?"

 त्यांनी पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली होती.

"सर," मी म्हणालो, "मी डोळे मिटले होते."

वहिनींची मशीन थांबली. सरांनी पेन्सिल वहीवरून उचलली. मला वाटलं आता ते मला घरी जा म्हणतील, आणि तो त्यांचा हक्क होता. पण त्यांनी स्टूल उचललं आणि माझ्या अगदी जवळ आणून ठेवलं.

"बरं केलं," ते म्हणाले. "मंग कानाचं सांगा."